गिरजाच्या हातातला कासरा

गिरजा माही सख्खी लहान बहीण होय. हे पह्यलेच सांगून ठेवतो, काऊन का आता अर्धा तालुका तिचा भाऊ होऊन राह्यला. ज्याईनं तिच्या टोपल्यातली मासोळी फोकटात मांगितली, ज्याईनं तिले तोंडाळ म्हणलं, तेही आता चहाच्या टपरीवर बसून सांगतेत, "गिरजा ना? आपलीच पोरगी." तुमची नोहोय बाप्पा. आमची होय. ढिवराची होय, उंबरटोल्याची होय. अन् तिले खांद्यावर बसवून तलाव दाखवणारा मोठा भाऊ एकच आहे.

उंबरटोला मूल या तालुक्याच्या गावावरून पुढे गेलं का लागते. जंगल, धानाचे बांध, अन् मधात तलाव. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, वरच्या अंगाले शेतकऱ्याईचं गाव, खालच्या अंगाले आमचा ढिवर मोहल्ला. त्याईच्याकडे धान, बैल अन् पंचायत. आमच्याकडे जाळं, डोंगा अन् गिरजा. म्हणजे हिसाब बरोबरीचाच होता.

शाळेत ती चौथीपर्यंत गेली. मास्तर फळ्याकडे तोंड करून खोकलला का मागून गिरजा तस्सीच खोकले. मास्तर वळून पाहे तर सारा वर्ग तोंड दाबून बसलेला, अन् गिरजा एकटी चेहरा पाडून विचारे, "मास्तर, पाणी आणू का?" मास्तरानं तिले वर्गाच्या बाहेर उभं केलं, तर ती खिडकीतून नकला कराले लागली. तिचा अन् बाजूचा, दोन्ही वर्ग बंद पडले. शेवटी त्यानंच तिले आत घेतलं. म्हणे, "बस बाई, आतच तुहा तरास कमी आहे."

लग्न गावातच झालं, मिथुनसोबत. मिथुन म्हणजे असा माणूस का मासोळी जाळ्यात आली तरी सांगत नाई, नुसती वर करून दाखवते. सोयरिकीच्या दिवशी लोक म्हणले, जोडी जमत नाई. मी म्हणलं, जमते ना! दोघंही बोलाले लागले तर ऐकंल कोण? मिथुन जाळं फेके, गिरजा टोपलं डोक्यावर घेऊन मूलच्या बाजाराले जाये.

अन् बाजारात तिले ऐकाले लोक उभे रायत. एक साहेब रोज मरळ दाबून दाबून विचारे, "ताजी आहे ना वो बाई?" गिरजा म्हणे, "साहेब, तिचं सोडा. तुमी इतके दाबून राह्यले, ते पाहून बाकीच्या सकाळपासून जीव मुठीत धरून बसल्या." बाजूच्या ओट्यावरच्या भाजीवाल्या हसत. साहेबही हसे, अन् हसत हसत मरळ घेऊन जाये. तिले लहानपणीच समजलं होतं, हसलेला माणूस रिकाम्या हातानं उठत नाई.

पण तिचा जीव होता झडतीत.

झडती काय, ते ज्याले ठाव नाई त्याच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली टाकून गावाच्या मधात आंब्याच्या पानाच्या तोरणाखाली उभे करतेत. मंग ज्याले येते तो झडती म्हणते. दोन ओळी, पण असा टोमणा का ज्याले लागाचा त्याले लागलाच पाह्यजे. पाटलावर म्हणा, मेंबरवर म्हणा, सरकारवर म्हणा, सासूवर म्हणा. शेवटी सारा गाव 'हर हर महादेव' म्हणून उचलून धरते. त्या दिवशी कोणी राग धराचा नाई.

आमच्या उंबरटोल्याच्या यात दोन रीती आहेत, अन् त्या दोन्ही रीती ध्यानात ठेवा. एक, ज्याच्या हातात बैलाचा कासरा त्यालेच झडती म्हणाचा हक्क. दुसरी, झडतीतून सवाल आला तर जवाब झडतीतूनच द्या लागते. जवाब येईपर्यंत सवाल टाकणाऱ्याच्या हातचा कासरा कोणी घेत नाई, अन् मानाची जोडी, जिनं तोरण तोडलं का पोळा फुटते, तोरण तोडत नाई.

आता आमच्या मोहल्ल्यात बैल कुठी? मासोळीले काही कासरा बांधता येत नाई. म्हणून ढिवर दरसाल पाळीवर उभे राहून लोकाईच्या झडत्या ऐकत, अन् त्यातल्या अर्ध्या आमच्यावरच रायत. ढिवराचा वास, ढिवराची दारू, ढिवराचं उघडं पोट्टं. आमचे लोक खाली मान घालून हसत. गिरजा हसत नसे. तिचे ओठ हलत. प्रत्येक झडतीचा जवाब ती तिथल्या तिथी जुळवे अन् गिळून टाके. घरी आल्यावर मले म्हणून दाखवे. एकाहून एक! मी म्हणो, "गिरजे, तू पोट्टा पाह्यजे होती." ती म्हणे, "पोट्टा कायले? बैल पाह्यजे होता."

तर गुणवंतराव यायच्या आधीची गिरजा ही असी.

गुणवंतराव म्हणजे आमच्या गटातला मोठा माणूस. ठेकेदारी, टरॅक्टर, पांढरी गाडी. त्यानं झेडपीच्या निवडणुकीत उभं राह्याचं ठरवलं, अन् एक दिवस बाजारात गिरजाचं बोलणं ऐकलं. माणूस हुशार, ते मानाच लागते. भाच्याले म्हणे, "कुलदीप, भाषण लोक घरी जाईपर्यंत विसरते. हसू विसरत नाई. या बाईले गाडीत बसव."

कुलदीप नागपुरात शिकून आलेला. मोबाईलवर व्हिडिओ काढे अन् साऱ्या तालुक्यात सोडे. त्यानं गिरजाले नव्या साडीत उभं केलं, मागे तलाव घेतला. अन् गिरजानं समोरचा उमेदवार देवराव याच्यावर झडती टाकली:

"फटफटी देवरावची, उतारावर पळते,
चढ दिसला का मालकाले घरची याद छळते!"

देवराव वरच्या गावातलाच साधा धानवाला माणूस. पुरानी फटफटी होती त्याची, चढावर खरंच बंद पडे. झडती तालुकाभर गेली. तो प्रचाराले जाये त्या गावात पोट्टे फटफटीच्या मागे पळत, "घरची याद आली का, काका?" माणूस हरला. गुणवंतराव निवडून आला. गुलालात त्यानं गिरजाले गाडीवर चढवलं अन् म्हणलं, "हे माही तोफ!" मलेही छाती फुगल्यासारखी झाली. काऊन नाई फुगणार? कोणाच्या बहिणीच्या दोन ओळीनं मेंबर होते?

पण गिरजानं त्याच्यानंतर एक गोष्ट पाह्यली. ग्रामसभेत देवराव उभा राह्यला, तलावाच्या नहराचं बोलाले. धान सुकून राह्यलं होतं, गोष्ट खरी होती. त्यानं तोंड उघडलं, तसं मागून कोणीतरी म्हणलं, "चढ दिसला!" सारी सभा हसली. देवराव खाली बसला. नहराचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर गिरजा भाकर थापता थापता मिथुनले म्हणे, "ज्याच्यावर गाव हसलं ना, त्याचं गाव मंग ऐकत नाई. हे असं काम होय का माह्या तोंडाचं?" त्यानं भाकर परतली.

मंग तलावाची गोष्ट निघाली.

आमच्या तलावाचा ठेका पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमार सोसायटीकडे. जंगूकाका अध्यक्ष. जंगूकाका आमच्या बाचा चुलत भाऊ, पिकलेला माणूस, बोलते हळू, पण तलावात कुठी किती खोल आहे ते पायाले पाठ. गुणवंतरावनं ठराव आणला: तलाव 'पर्यटना'ले द्याचा. जंगलात वाघ पाहाले येणारे लोक संध्याकाळी करतीन काय? तर पलाष्टिकच्या हंसात बसून तलावात फिरतीन. काठावर हाटेल. मासेमारी बंद, काऊन का जाळ्यात हंस अटकते, अन् वास येते.

आमच्या मोहल्ल्याचं पोट म्हणजे तो तलाव. तो गेला का आमी कुठी जाणार? गडचांदूरच्या खाणीवर, नाई तर कामाच्या शोधात बल्लारपूरच्या गाडीत उभे. अन् ठराव पास झाला का झाला, मंग कोणी काही करू शकत नाई. ग्रामसभा ठेवली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी. तो दिवस पाहूनच ठेवला होता. पाडव्याले माणसं मटणात अन् उतरलेल्या नशेत, सभेले येते कोण?

तरी गुणवंतरावले ढिवराईचं भेव होतं. जंगूकाका उभा राह्यला अन् हळू आवाजात दोन शब्द बोलला तर वरचं गावही ऐकंल. कितीतरी घराईत त्याच्याच हातची मासोळी गेली. म्हणून गुणवंतरावनं जुनाच उपाय काढला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी कुलदीप अन् तो आमच्या मोहल्ल्यात आले, गिरजाच्या अंगणात खाटेवर बसले.

"गिरजाबाई," गुणवंतराव म्हणे, "यंदा पोळ्याले मानाची जोडी माही आहे. तोरणाखाली तू झडती म्हणाची. बाई झडती म्हणते, अन् तेही ढिवराची! साऱ्या महाराष्ट्रात असं झालं नाई. कुलदीप व्हिडिओ काढंल."

"कोणावर म्हणू, भाऊ?"

कुलदीपनं मोबाईल काढला. "मी लिहून आणल्या आहेत." अन् त्यानं वाचलं:

"तलावात फिरंल नाव, गावात येईन पैसा,
ढिवर बसला काठावर, चिखलातला म्हैसा!"

अंगणात मिथुन जाळं सांधत होता. त्याचा हात थांबला. दारात जंगूकाका उभा होता, त्यानं ऐकलं. गिरजानं काही चेहरा बदलला नाई. ती फक्त म्हणे, "म्हैसा नोहोय बाबू, हेला म्हणतेत. नागपुरात शिकवलं नाई वाटते."

गुणवंतराव हसला. "तू सुधार ना तुह्या हिसाबानं. पण अशाच तीन-चार पाह्यजेत, जंगूबुड्यावर एक. तुह्याच तोंडून. घरचाच माणूस हसला म्हणजे बाहेरच्याले हसाले हरकत रायत नाई."

पाह्यलं? माणसाले सारं समजत होतं. अन् गिरजालेही समजत होतं. उद्या गाव जंगूकाकावर हसलं, तर परवा सभेत जंगूकाका देवराव होईन.

गिरजानं पदर खोचला. "म्हणीन. पण एक आहे. कासऱ्याबिगर झडती म्हणता येत नाई, ते तुमाले ठावच आहे. मले जोडीचा कासरा पाह्यजे. माह्या हातात. सुरूपासून शेवटपर्यंत."

"बस, एवढंच?" गुणवंतराव उठला. "घे! व्हिडिओत तर आणखीन मस्त दिसंल."

ते गेल्यावर जंगूकाका अंगणात आला. "गिरजे, कोणाचा कासरा धरून राह्यली तू?"

"त्याचा."

"अन् हेला कोण?"

"ते उद्या पाह्यजो ना काका."

"मी काही येत नाई तथी."

"तू नाई आला तर मी म्हणीन, जंगूकाका घाबरून कोंबडीच्या खुराड्यात बसला. अन् ते झडती मी खरीच म्हणीन, त्याले जवाबही नाई भेटणार तुले."

बुड्यानं तिच्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं. मी काय सांगू? मलेही तिनं काही सांगितलं नव्हतं. पण मी तिचा भाऊ होय. मी म्हणलं, "काका, उद्या धोतर धुतलेलं घालून ये."

पोळ्याच्या दिवशी दुपारून पाऊस थांबला. तोरण बांधलं, मंडप टाकला, ढोल सुरू झाला. वरच्या गावाच्या साऱ्या जोड्या रांगेत आल्या. मधात गुणवंतरावची मानाची जोडी. पांढरी, उंच, गळ्यात घुंगरू, पाठीवर चकाकणारी झूल. पण त्याच्याकडे तर टरॅक्टर! बैल कुठून आले? सिंदेवाहीवरून, सासऱ्याकडून, गाडीत भरून आणलेले. गुणवंतरावले पाहून बैल फुस्स करून मागे सरकत. त्याईले चारा टाकणारा चैतू जवळ उभा होता म्हणून तग धरून होते.

गिरजा आली. हिरवं लुगडं, केसात काही नाई, पाय मोकळे. चैतूनं तिच्या हातात कासरा दिला. आमचा सारा मोहल्ला पाळीवरून खाली उतरून मंडपाच्या कोरेले आला. बाया, पोट्टे, बुडे. जंगूकाका धुतलेल्या धोतरात. वरच्या गावाच्या बाया एकमेकीले कोपर मारून राह्यल्या, बाईच्या हातात कासरा!

कुलदीप मोबाईल धरून समोर उभा. गुणवंतराव पांढऱ्या कपड्यात, हात जोडून साऱ्याईले हसत.

गिरजानं पह्यली झडती स्वतःच्या टोपल्यावरच टाकली. आवाज बाजारातला, मूलच्या पार तिकडच्या ओट्यापर्यंत जाणारा:

"टोपलं घेऊन निघाली का, नाकाले लावते पदर,
रस्सा शिजला का तेच म्हणते, वाढ अजून वाटीभर!"

"हर हर महादेव!" गाव खदखदून हसलं. वरच्या गावाच्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या, अन् पदर लावला म्हणून आणखीन हसल्या. गुणवंतरावनं कुलदीपले डोळा घातला. हातात तोफ आहे!

गिरजानं कासरा हातावर गुंडाळला. बैलाची मान थोपटली.

"पोळ्यासाठी बैल आणले, आपल्या सासऱ्याचे,
मालकाले ठाव नाई, टोक कासऱ्याचे!"

आता काय सांगू! ढोलवाल्याच्या हातून टिपरू पडलं. ज्या शेतकऱ्याईनं दोन महिने चिखलात बैल चालवले, पोळ्यासाठी रात पहाट एक करून त्याईची सेवा केली, ते तर पोट धरून खाली बसले. त्याईच्या मनातलंच होतं ना ते! 'हर हर महादेव' असं उठलं का तलावातले बगळे उडाले.

गुणवंतरावही हसला. हसाच लागते, पोळा आहे. पण त्याचं हसू दातावरच राह्यलं. कुलदीपजवळ जाऊन हळूच म्हणे, "बंद कर ते." कुलदीपनं मोबाईल खाली केला. पण आता कोणाकोणाचा मोबाईल बंद करसान? साऱ्या गावानं काढले होते.

"गिरजाबाई, झालं वो," गुणवंतराव पुढे आला. "दे कासरा. तोरण तोडू."

"थांबा ना भाऊ, सवाल राह्यला." अन् तिनं गुणवंतरावकडे नाई, सरळ तोरणाकडे पाहून म्हणलं:

"पलाष्टिकचा हंस भाऊ, पाण्यावर डुलते,
ना अंडं देते, ना मासोळी, सांगा, घर कशानं चालते?"

या वेळी 'हर हर महादेव' पह्यले आमच्या मोहल्ल्यातून उठलं. मंडपाच्या कोरेवरून. पाळीवर उभे राहून मान खाली घालणारे लोक, त्याईनं पह्यल्यांदा उचलून धरलं. मंग वरच्या गावानं.

अन् मंग साऱ्या माना गुणवंतरावकडे वळल्या. सवाल पडला होता. जवाब पाह्यजे.

गुणवंतरावनं कुलदीपकडे पाह्यलं. कुलदीप पुढे आला, घसा साफ केला. "हंस येईन... विकास येईन... अन् गावाले रोजगार..." पुढे जमेना. मागून एक बुडी म्हणे, "बाबू, कासरा कुठी आहे तुहा?" पुन्हा हशा. कुलदीप मागे सरकला.

"देवराव!" गुणवंतरावनं आवाज दिला. "देवराव, तुही तर जोडी रांगेत आहे. देऊन टाक जवाब या बाईले! तुहा तर तिच्यावर हिसाब बाकीच आहे."

सारं गाव देवरावकडे पाहाले लागलं. त्याच्या जोडीचा कासरा त्याच्या हातात. झडती म्हणाचा हक्कही होता, अन् मनात आग असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. गिरजानं पह्यल्यांदा मान खाली घातली.

देवराव म्हणे, "मेंबरसाहेब, माही गाडी चढावर बंद पडते. तुमाले तर ठावच आहे."

आता जो हशा झाला ना, त्यात देवरावही हसला. गिरजाच्या डोळ्यात पाणी आलं, पण ते हसण्याचं होतं का दुसरं, मी विचारलं नाई.

गुणवंतराव चिडला. पोळ्याचा नेम विसरून त्यानं कासऱ्याले हात घातला. "आन इकडे! फालतूपणा झाला."

तसे वरच्या गावाचे बुडे उठले. आपल्या ढिवरातले नोहोय, वरच्या गावाचे! "हात काढ, गुणवंता. जवाबाबिगर कासरा सुटत नाई. आमच्या बापाच्या वेळची रीत होय."

"अरे, बैल माहे आहेत!"

"कासरा तूच देला ना तिच्या हातात?"

ते खरं होतं. त्यानंच देला होता, व्हिडिओत मस्त दिसंल म्हणून. गिरजानं कासरा धरला, बैल तोरणाखालून फिरवले अन् माघारी नेले. मानाची जोडी तोरण न तोडता माघारी! चैतू मागून चालून राह्यला, खाली मान घालून, खांदे हलवत. तोरण तसंच लटकत राह्यलं. पांढरी गाडी पाळीवरून धुराळा न उडवता गेली, काऊन का चिखल होता, पण वेग तर धुराळ्याचाच होता.

त्या राती आमच्या मोहल्ल्यात कोणाले झोप सुचली नाई असं नाई, सारे मस्त झोपले. फक्त गिरजा ओसरीवर बसून होती. मी म्हणलं, "काय वो, जिंकली ना?" ती म्हणे, "हसून तलाव रायत असता तर कवाचाच राह्यला असता, भाऊ. उद्या हात किती वर होतेत ते पाहू." मंग म्हणे, "अन् देवरावकडे जाऊन येतो उद्या. पह्यले त्याच्याकडेच."

पाडव्याच्या सकाळी ती इडापिडा जावी म्हणून मारबत हाकलणाऱ्या बायाईसोबत गावाबाहेर गेली अन् येता येता देवरावच्या घरी थांबली. काय बोलली ते दोघाईलेच ठाव. पण पंचायतीच्या सभागृहात ग्रामसभा सुरू झाली तवा देवरावची बायको गिरजाच्या बाजूले बसली होती.

सभेले लोक मावत नव्हते. मटण चुलीवर ठेवून आले होते. गुणवंतराव आला, हसत आला. हुशार माणूस, म्हणलं ना मी. त्यानं ठरवलं होतं, हसूनच काढू. माईक हातात घेऊन म्हणे, "काल आमच्या गिरजाबाईनं मस्त गंमत केली. आता मी म्हणतो, बाईनं मासोळी विकाची सोडून नाटकात जावं. मासोळीचा वास तरी कमी होईन गावात!" अन् थांबला. हसासाठी जागा सोडली.

कोणी हसलं नाई.

कुलदीपनं एकट्यानं हसून पाह्यलं, मंग त्यानंही खोकला काढला. गुणवंतराव माईक या हातातून त्या हातात करून राह्यला.

"अरे, गंमत होती बाप्पा! गिरजाबाई, हास ना वो तू तरी."

गिरजा बसल्या जागेवरून म्हणे, "हसाचं काल झालं, भाऊ. आज जंगूकाकाले बोलू द्या."

जंगूकाका उठला. हळू आवाजात बोलला. तलावाचं पाणी वरच्या गावाच्या धानाले जाते, ते नहराचं बोलला. पाणी हाटेलाले गेलं तर धानाले काय, ते बोलला. देवरावनं पुढचं धरून घेतलं अन् नहराचं सारं सांगितलं, जे मागे राहून गेलं होतं. कोणी मागून आवाज काढला नाई. ग्रामसेवकानं ठराव वाचला अन् म्हणलं, "मंजूर असंल त्याईनं हात वर करा."

कुलदीपचा हात वर झाला. गुणवंतरावच्या गाडीच्या डायव्हरचा झाला. दोन-चार आणखीन.

"नामंजूर?"

ढिवर मोहल्ला सारा. अन् वरच्या गावाचे बुडे, बाया, काल बैल घेऊन उभे असलेले शेतकरी, देवराव, त्याची बायको. एका बाईच्या हातात मटणाचा झारा होता, तो तसाच वर. ग्रामसेवकानं मोजणं अर्ध्यातच सोडलं अन् लिहिलं, ठराव नामंजूर.

गिरजानं हात खाली केला, टोपलं डोक्यावर ठेवलं अन् दारात उभ्या गुणवंतरावले म्हणे, "सरका ना भाऊ, बाजाराची काळीपिवळी गाडी निघून जाईन."

अन् तो सरकला.